अंबाजोगाई : समजावून सांगणाऱ्यांचं गाव

कापड साधारण ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. जुन्या मापात २४ हात लांब आणि अडीच हात रुंद. त्यावर सोळाशे ओव्या लिहिलेल्या आहेत, आणि त्यात कुणाची गोष्ट, कुणाचं चरित्र किंवा देवाची स्तुती नाही. माणसाचा देह कशाचा बनला, पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळली आणि या सगळ्याला पाहणारा 'मी' नेमका कुठे असतो, हे त्या कापडावर टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. लिहिणारे दासोपंत. कापडाचं नाव पासोडी. थंडीत अंगावर घ्यायच्या जाड, दुहेरी खादीच्या पांघरुणाला मराठीत पासोडी म्हणतात, तीच ही. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत ती गेली चारशेहून अधिक वर्षं जपली गेली आहे.

हे डोंगरातलं गाव बहुतेक मराठी माणसांना देवीमुळे ठाऊक असतं. परळीच्या वैजनाथाला निघालेली गाडी वाटेत इथे थांबते, योगेश्वरीचं दर्शन होतं आणि गाडी पुढे जाते. दर्शन घ्यावंच. पण याच गावात मराठी भाषेला एक अवघड काम करायला लावलं गेलं, तेही पुन्हा पुन्हा, आणि ते न पाहता पुढे निघून जाणं हे आपलंच नुकसान आहे. ते काम म्हणजे समजावून सांगण्याचं. जे ज्ञान संस्कृतात, पाठशाळेत आणि मोजक्यांच्या मुखात होतं, ते शेजारच्या माणसाला कळेल अशा बोलीत उतरवायचं. मुकुंदराजांनी ते केलं, चारशे वर्षांनी दासोपंतांनी केलं, आणि विसाव्या शतकात एका शाळेतल्या शिक्षकांनीही केलं.

गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलं आहे. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेली ही रांग फार उंच नाही. तिचे माथे सपाट आहेत, पण ओढ्यानाल्यांनी कडेकडेनं खोल घळी पाडल्या आहेत. गावातून वाहणारी जयंती नदी अशाच एका दरीत उतरते. उन्हाळ्यात ती जवळजवळ दिसेनाशी होते आणि श्रावणात काळ्या कातळावरून कोसळायला लागते. बुट्टेनाथ, नागनाथ, मुकुंदराज ही सगळी ठिकाणं या दऱ्याखोऱ्यांच्या आधारानं आहेत. खडक दख्खनच्या पठाराचा, लाव्ह्याच्या थरांचा. तो कठीण असतो, पण घट्ट आणि एकसंध थर सापडला तर त्यात आतून मंदिर कोरता येतं. तशी लेणी इथे आहेतच.

शिलालेखांत या गावाला आंबे म्हटलं आहे. निजामाच्या काळात ते मोमिनाबाद झालं. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या घोडदळाची छावणी इथे होती, म्हणून इंग्रजी कागदपत्रांत मोमिनाबाद हेच नाव सापडतं. जुन्या नोंदी शोधणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, नाहीतर अंबाजोगाई या नावाखाली हाती फारसं लागणार नाही.

योगेश्वरीला लोक जोगाई म्हणतात. ती कुमारिका आहे. दंतासुर नावाच्या दैत्याला तिनं मारलं असं माहात्म्य सांगतं. पण लोकांच्या तोंडी जास्त आहे ती तिच्या न झालेल्या लग्नाची कथा. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. लग्न मोडलं आणि वऱ्हाडाचा दगड झाला. परळी इथून जेमतेम २५ किलोमीटर. एवढ्या जवळ असूनही दोन्ही देवतांची घरं कायमची वेगळी का, याचं उत्तर या कथेनं दिलं आहे. 'वऱ्हाडाचा दगड झाला' याचा पुरावाही गावकरी दाखवतात, तो म्हणजे हत्तीखाना.

हत्तीखाना हे खरं तर डोंगरात कोरलेलं शिवलेणं आहे. मोठं मोकळं अंगण, त्यात नंदीचा मंडप, चार भलेमोठे दगडी हत्ती, आणि आत खांबांच्या रांगांचा सभामंडप. हत्ती असे उभे आहेत, की वऱ्हाडाची कथा ज्यानं प्रथम रचली त्यानं ती इथे उभं राहूनच रचली असावी. याच लेण्याला जोगाईचं माहेर असंही म्हणतात. अभ्यासक खांबांची घडण आणि शिल्पांची शैली पाहून काळ ठरवू पाहतात, भाविक लग्नघर पाहतात. मला दोन्ही हवं आहे. लेणं कोरणाऱ्यांची नावं पुसली गेली, पण लेणं लोकांच्या जिभेवर राहिलं ते या कथेमुळे. आसपास जैन लेणीही आहेत. एकाच डोंगरात दोन पंथांचे कारागीर छिन्नी चालवत होते.

योगेश्वरी कोकणस्थ ब्राह्मणांची कुलदेवता. समुद्रकाठच्या चिपळूण-गुहागरच्या माणसांची कुलदेवी घाट ओलांडून मराठवाड्याच्या डोंगरात कशी, हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येक कोकणस्थाला पडतो. परशुरामानं वसवलेल्या मंडळींना मुली इथून मिळाल्या, म्हणून मुलींच्या माहेरची देवी ही कुळाची देवी झाली, असं परंपरा सांगते. हा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. तरी मुलीकडची देवी कुळानं स्वीकारावी, ही कल्पना मला या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आजही रत्नागिरी-पुण्याकडची कुटुंबं लग्नानंतर इथे येतात. देवीला कुटलेला तांबूल देतात. विड्याच्या पानांचा हिरवागार लगदा प्रसाद म्हणून हातावर पडतो. मार्गशीर्षात देवीचं वेगळं नवरात्र असतं आणि पौर्णिमेला त्याची सांगता होते. अश्विनातलं नवरात्र सगळीकडे असतं, मार्गशीर्षातलं हे इथलं खास.

देवीच्या कथांना तारखा नसतात. तारखा हव्यात तर यादवांच्या काळात यावं लागतं. देवगिरीचा राजा सिंघण याचा खोलेश्वर नावाचा सेनापती होता. जातीनं ब्राह्मण, कामानं योद्धा. विदर्भापासून गुजरातपर्यंत त्यानं यादवांसाठी लढाया मारल्या, देवळं बांधली, विद्वानांसाठी अग्रहार वसवले. आंबे हे त्याचं ठाणं. इथे त्याच्या घराण्याचे शिलालेख सापडले. त्यांतला एक शके ११५० म्हणजे इ. स. १२२८ चा, सकलेश्वराच्या देवळाशी जोडलेला. हे देऊळ आता बाराखांबी म्हणून ओळखलं जातं. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले, म्हणून खोलेश्वर आपल्याला कळला.

दुसरा लेख शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा. त्यातली हकीगत मला खोलेश्वराच्या सगळ्या विजयांहून मोठी वाटते. खोलेश्वराचा मुलगा राम बापाच्या जागी सेनापती झाला आणि गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. त्याच्या बहिणीचं नाव लक्ष्मी. तिनं भावाच्या स्मरणार्थ इथे रामनारायणाचं देऊळ बांधलं. भावाचा मुलगा लहान होता, त्याच्या वतीनं कारभारही तिनंच पाहिला. तेराव्या शतकातली, भावाच्या मृत्यूनंतर राज्यकारभार चालवणारी आणि दगडावर त्याचं नाव कोरून ठेवणारी ही बाई आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही. यादवकाळ म्हटला की आपण यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यापाशी थांबतो. लक्ष्मीला तिथे जागा मिळायला हवी.

सिंघणाच्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, शके ११२८ मध्ये भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याच्या देणग्यांची नोंद दगडावर करून ठेवली. त्या लेखात कुळाचा इतिहासही आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाळानं आपल्या दरबारी नेलं, असं तो लेख सांगतो. विद्येला राजाश्रय होता आणि ती विद्या बहुतांशी संस्कृतात होती. मुकुंदराजांनी काय धाडस केलं, ते या पार्श्वभूमीवर नीट कळतं.

मुकुंदराजांचा ग्रंथ 'विवेकसिंधू'. ग्रंथातल्या ओवीप्रमाणे तो शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये पुरा झाला. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ ची. ही तारीख धरली तर 'विवेकसिंधू' तिच्याआधी १०२ वर्षांचा, आणि म्हणूनच मराठीतला पहिला ग्रंथ असा त्याचा गौरव होत आला. ग्रंथाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत. विषय शुद्ध वेदान्त. ब्रह्मातून सृष्टी कशी उमटली, स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण असे देह कोणते, पिंडात जे आहे तेच ब्रह्मांडात कसं आहे, याचं क्रमवार विवेचन. मांडणी गुरुशिष्यांच्या संवादाची. शिष्याला शंका येते, तो ती विचारतो, गुरू ती फोडून सांगतो, त्यातून पुढची शंका निघते. शंकराचार्यांच्या मार्गानं आपण चाललो आहोत, हे मुकुंदराज लपवत नाहीत. नवीन तत्त्वज्ञान सांगण्याचा त्यांचा दावा नाही. जे आहे ते मराठीत, चुका न करता सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं आहे.

'ज्ञानेश्वरी'ची गोडी 'विवेकसिंधू'त नाही, असं अनेकांनी म्हटलं आहे, आणि ते खरं आहे. ज्ञानेश्वर उपमांचा पाऊस पाडतात, मुकुंदराज मोजून बोलतात. पण याकडे उणीव म्हणून पाहणं मला पटत नाही. ज्या भाषेत वेदान्ताची परिभाषा अजून रुळलेली नाही, तिच्यात आधी व्याख्या बसवाव्या लागतात, शब्द पक्के करावे लागतात, एका विधानातून दुसरं विधान निघतं हे दाखवावं लागतं. ते कोरडं काम आहे आणि ते कुणीतरी निष्ठेनं करावं लागतं. मराठी वाक्याला तर्क पेलतो, याचा हा जुना दाखला आहे. मुकुंदराजांचा 'परमामृत' हा छोटा ग्रंथही याच वळणाचा. नव्या वाचकानं खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

राजा जैत्रपाळ आणि मुकुंदराज यांची दंतकथा मराठवाड्यात घरोघरी सांगतात. ब्रह्म दाखवा, नाहीतर शिक्षा भोगा, असा हट्ट धरून राजानं साधुब्राह्मणांना छळलं. घोड्याच्या रिकिबीत एक पाय ठेवल्यापासून दुसरा पाय पलीकडे टाकेपर्यंतच्या वेळात ब्रह्म दाखवायचं, अशी त्याची अट. मुकुंदराज आले आणि तेवढ्याच वेळात राजाची समाधी लागली. पुढे जागृतीत आल्यावर तो अनुभव समजून घ्यावा म्हणून राजानं ग्रंथ मागितला, तो 'विवेकसिंधू'. कथेतला शेवटचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. अनुभव क्षणात आला, तरी तो समजायला ग्रंथ लागलाच.

या सगळ्यावर वाद आहेत आणि ते दडवून अंबाजोगाईचा मान वाढणार नाही. पहिला वाद काळाचा. शके १११० सांगणारी ओवी मूळची की मागाहून घातलेली, ग्रंथाची आज मिळणारी भाषा इतकी जुनी वाटते का, असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले आहेत. हातानं नकला होताना भाषा नवी होत जाते, हे एक उत्तर. त्यानं सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. दुसरा वाद जागेचा. ग्रंथात नदीकाठच्या अंबानगरीचा उल्लेख आहे आणि नदीचं नाव वैनगंगेशी जुळतं. त्यामुळे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरचं अंभोरा हेच मुकुंदराजांचं गाव, असं विदर्भातले अभ्यासक मानतात. तिथे हरिनाथांची समाधी आहे, आणि आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ, मुकुंदराज अशी गुरुपरंपरा सांगितली जाते. राजा जैत्रपाळ म्हणजे देवगिरीचा यादव नव्हे, बैतुलकडच्या खेरल्याचा जैतपाळ, असंही त्यांचं म्हणणं. शिवाय यादव जैत्रपाळ गादीवर आला तो शके १११० नंतर, ही अडचण आहेच.

अंबाजोगाईच्या बाजूनं आहे ती समाधी आणि तिच्याभोवतीची अखंड परंपरा. गावाबाहेर, जयंतीच्या दरीत, कड्याच्या पोटात मुकुंदराजांची समाधी आहे. संत लिहितो एका ठिकाणी आणि देह ठेवतो दुसऱ्या ठिकाणी, हे महाराष्ट्रात नवं नाही. ज्ञानेश्वर नेवाशाला बोलले आणि आळंदीला विसावले. तेव्हा अंभोऱ्याला ग्रंथाचं आणि अंबाजोगाईला समाधीचं श्रेय देण्यात दोन्ही गावांनी कमीपणा मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

मुकुंदराजांच्या नावाभोवती शंका आहेत, दासोपंतांच्या नावाभोवती नाहीत. त्यांचं हस्ताक्षर आहे, वंशज आहेत, देवघरं आहेत. जन्म शके १४७३, इ. स. १५५१, नारायणपेठच्या देशपांडे घराण्यात. नारायणपेठ आता तेलंगणात आहे आणि मराठी बायकांना ते साड्यांमुळे ठाऊक आहे. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. दुष्काळात सरकारी वसूल भरता आला नाही म्हणून बिदरच्या सुलतानानं कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं, मुदत संपत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस आला, सगळी रक्कम भरून निघून गेला, आणि तो साक्षात दत्तात्रेय होता, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच घडणीची. दुष्काळ, बिदरचा वसूल आणि देवानं भरलेली रक्कम. दोन्हींच्या तळाशी त्या काळची महसुलाची दहशत स्पष्ट दिसते.

सुटका झाल्यावर दासोपंतांनी घर सोडलं. माहूरला दत्ताच्या ठाण्यावर तप केलं, गोदाकाठी राक्षसभुवनला राहिले, आणि शेवटी अंबाजोगाईला स्थिरावले. पुढचं आयुष्य इथेच गेलं. पैठणचे एकनाथ त्यांचे समकालीन. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्या परंपरेतल्या मंडळींबरोबर परंपरा दासोपंतांचं नाव घेते आणि या सर्वांना मिळून एक पंचक मानते. शके १५३७ मध्ये, माघ वद्य षष्ठीला, त्यांनी देह ठेवला. समाधी गावातच आहे.

त्यांनी किती लिहिलं याचा अंदाज एका ग्रंथावरून येतो. 'गीतार्णव' ही त्यांची गीतेवरची टीका सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. 'ज्ञानेश्वरी' नऊ हजार ओव्यांची आहे, हे लक्षात घेतलं की आकडा अंगावर येतो. गीतेवर ते एकदाच लिहून थांबले नाहीत, 'गीतार्थबोधचंद्रिका' वेगळी आहे. 'ग्रंथराज' आहे, असंख्य पदं आहेत. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असं गावात सांगतात. तेव्हाची शाई काजळ आणि बाभळीचा डिंक खलात तासन्‌तास घोटून होत असे, त्यामुळे या आठवणीत शाई घोटणाऱ्याच्या मनगटांचीही आठवण आहे. एवढ्या लेखनाला कागदही तसाच लागणार, आणि त्या काळी कागद स्वस्त नव्हता.

मग पासोडी कापडावर का? कागद कमी पडला, असं सोपं उत्तर काही जण देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. कापडावर लिहिणं कागदाहून कष्टाचं असतं. शाई पसरू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते, सुकवावं लागतं, घोटून गुळगुळीत करावं लागतं. एवढा खटाटोप ज्यानं केला, त्याला ती रुंदी हवी होती. कारण पासोडीचा विषय पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांची मिसळण, आणि तो विषयच तसा आहे.

आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूतं आहेत. प्रत्येकाचे दोन सारखे भाग करायचे. एक अर्धा भाग स्वतःपाशी ठेवायचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार तुकडे करायचे आणि एकेक तुकडा उरलेल्या चौघांना द्यायचा. म्हणजे आपल्याला दिसते, हाताला लागते ती पृथ्वी पूर्ण पृथ्वी नसते. तिच्यात निम्मी पृथ्वी आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी आठवा हिस्सा असतो. पाण्याचं तसंच, तेजाचं तसंच. या मिसळण्यातून स्थूल जग होतं आणि देहही होतो. मग मराठी परंपरा देहातल्या पंचवीस गोष्टी भूतांच्या खात्यावर मांडते. हाड, मांस, त्वचा, नाडी, रोम हे पृथ्वीचे. रक्त, लाळ, घाम वगैरे आपाचे. भूक, तहान, आळस, झोप, मैथुन तेजाचे. चालणं, वळणं, पसरणं, रोखणं, आखडणं वायूचे. आणि काम, क्रोध, शोक, मोह, भय हे आकाशाचे. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त हाच हिशेब सांगितला आहे. राग आणि भीती यांना हाडामांसाच्याच तक्त्यात बसवायचं, म्हणजे तीही 'मी' नव्हेत, पाहता येण्याजोगी वेगळी वस्तू आहेत हे कळतं. साधकाला तिथवर न्यायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता हा हिशेब पोथीच्या अरुंद पानांवर लिहून पाहा. पृथ्वीचं खातं एका पानावर, तेजाचं चार पानं पुढे, आकाशाचं आणखी पलीकडे. मिसळण आहे ती पाचांची पाचांत, आणि पानं सुटी. कापड मात्र उलगडून भिंतीवर टांगता येतं, जमिनीवर अंथरता येतं, चारचौघांना एकदम भोवती बसवून दाखवता येतं. भूगोलाच्या वर्गात गुरुजी भिंतीवर नकाशा लावतात तसं. दासोपंतांनी नेमकं काय मनात धरलं होतं, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. पण विषय आणि साधन यांचा मेळ इतका घट्ट आहे, की त्याला योगायोग म्हणायला मन तयार होत नाही. ज्ञान नजरेत एकदम यावं अशा मापाचं साधन निवडणारा हा सोळाव्या शतकातला मराठी शिक्षक आहे.

अंबाजोगाईत दासोपंतांची दोन देवघरं आहेत, थोरलं आणि धाकटं. वंशजांनी पिढ्यानपिढ्या पूजेबरोबर पोथ्याही सांभाळल्या. निजामी आली, रझाकारांचे दिवस आले, दुष्काळ आले. वाळवी आणि ओल तर दरवर्षीची. कापडाला कसर लागते, घड्यांवर ते विरतं, शाई उडते. कुठल्याही संग्रहालयाविना, पगारी रखवालदाराविना एका घरानं एवढं जपलं, यासाठी मराठी वाचकानं त्या घराचं ऋण मानायला हवं. त्याच वेळी अशा वस्तूला तापमान आणि दमटपणा सांभाळणारी जागा आणि कापडाच्या जतनातला जाणकार लागतो, आणि ही जबाबदारी एका कुटुंबावर टाकून समाजानं मोकळं होणं बरोबर नाही.

समजावून सांगण्याचं हेच काम विसाव्या शतकात एका शाळेकडे आलं. निजामाच्या राज्यात मराठीला सरकारदरबारी जागा नव्हती. राज्यभाषा उर्दू, १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. सभा भरवायची तर परवानगी लागे. ती सक्ती करणाऱ्या 'गश्ती निशान ५३' या फर्मानाचं नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजून येतं. अशा काळात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत १९३५ मध्ये एक संन्यासी शिक्षक आले. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, संन्यासानंतरचं स्वामी रामानंद तीर्थ. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. इथे बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी मिळाले. वर्गात शिकवणं आणि वर्गाबाहेर मुलांना देश दाखवणं, दोन्ही सुरू झालं. १९३८ मध्ये स्वामीजी सत्याग्रहासाठी हैदराबादला गेले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, त्यामागे अशा शाळांतून तयार झालेली मुलं होती. बाबासाहेब परांजपे १९५२ मध्ये बीडचे खासदार म्हणून लोकसभेत गेले.

स्वामीजींचं नाव गावानं वैद्यकीय महाविद्यालयाला दिलं. १९७४ मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय ग्रामीण भागासाठीचं आशियातलं पहिलं म्हणून ओळखलं जातं. जिल्ह्याचं ठाणं नसलेल्या, रेल्वे नसलेल्या डोंगरी गावात डॉक्टर घडवायचे, ही त्या काळची मोठी उडी होती. शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं यांची इथे आधीपासून रीघ होतीच. मराठवाड्याचं पुणं असं गावाला म्हणू लागले ते यामुळे. मला ही उपाधी फारशी रुचत नाही. पुणं नावारूपाला येण्याच्या कित्येक शतकं आधी ज्या गावात राजाचा सेनापती शिलालेख कोरवत होता, त्याला दुसऱ्या शहराचं नाव कशाला?

साहित्य इथे फक्त समाध्यांत उरलेलं नाही. १९८३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत भरलं आणि अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातल्या कोरड्या माळाची, उपाशी माणसांची भाषा मराठीत आणणारा लेखक बालाघाटाच्या तितक्याच कोरड्या माळावर अध्यक्ष म्हणून उभा राहिला. त्याच सुमारास शैला आणि द्वारकादास लोहिया यांची 'मानवलोक' ही संस्था इथे उभी राहिली. दुष्काळ, पाणी, शेतमजूर बायका यांच्यात काम करता करता शैलाताई लिहीत राहिल्या. यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनानिमित्त नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या समारोहानं संगीत आणि साहित्यातली मोठी माणसं वर्षानुवर्षं या गावात आणली.

ज्यांना जायचं आहे त्यांनी श्रावण-भाद्रपदात जावं. तेव्हा जयंतीला पाणी असतं आणि मुकुंदराजांच्या दरीतली झाडी दाट झालेली असते. सकाळी देवी, मग हत्तीखाना, उन्हं चढायच्या आत. बाराखांबीला गेल्यावर खांबांवरची नक्षी सावकाश पाहावी. दासोपंतांच्या देवघरी आधी विचारून जावं, कारण ते राहतं घर आहे आणि पासोडी प्रदर्शनातली वस्तू नाही. दुपारनंतर मुकुंदराजांकडे. आणि जाण्याआधी 'परमामृत' वाचून गेलेलं बरं. छोटा ग्रंथ आहे, टिपांसह मिळाला तर दोन संध्याकाळी पुरतात.